स्पीडबोटीने बेटं आणि स्नॉर्केलिंग : एका दिवसाच्या सहलीत या चुका टाळा

सकाळी आठला धक्क्यावर जमायचं, संध्याकाळी साडेचारला परत. मधल्या वेळात तीन-चार बेटं, दोन ठिकाणी स्नॉर्केलिंग (डोळ्या-नाकावर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पालथं तरंगत पाण्याखालचं बघणं), जेवण आणि लाटांवरून धडधडत केलेली ये-जा. अशा सहलींना मी बरेचदा गेले आहे. जवळजवळ प्रत्येक बोटीत कुणीतरी असं दिसतं, ज्याचा दिवस पाण्यात उतरण्याआधीच बिघडलेला असतो. चूक अगदी साधी असते: बसायची जागा, न तपासलेला मास्क, उशिरा घेतलेली गोळी. वेळ कमी म्हणून माणसं घाई करतात, आणि नेमकी ही घाईच अंगाशी येते.

तारीख ठरवताना समुद्राकडे न बघणं

सुट्टी कधी मिळते ते बघून तिकीट काढलं जातं, समुद्राचा हंगाम कुणी बघत नाही. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांचे हंगामही वेगळे असू शकतात. थायलंडमध्ये फुकेत आणि क्राबीचा अंदमान समुद्र साधारण नोव्हेंबर ते एप्रिल शांत असतो. कोह सामुईकडे मात्र नोव्हेंबरच्या आसपास सर्वांत जास्त पाऊस पडतो. सिमिलान बेटं तर मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांसाठी बंदच असतात. फी फी बेटांवरचा प्रसिद्ध किनारा माया बे २०१८ च्या जूनमध्ये बंद झाला तो २०२२ च्या जानेवारीत उघडला, आणि आता तिथे पोहायला परवानगी नाही. जुने फोटो बघून बुकिंग करणारे इथे हमखास फसतात.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, त्यामुळे पाण्याला ओढ जास्त असते आणि तळाची वाळू ढवळून पाणी गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची चढउतार कमी असते, तेव्हा पाणी तुलनेने संथ आणि बरेचदा जास्त स्वच्छ असतं. तारखेत लवचिकता असेल तर मी भांगाचे दिवस निवडते. वारा बहुतेक ठिकाणी दुपारनंतर वाढतो, म्हणून सकाळची पहिली बोट चांगली.

हवामानाचा इशारा असताना बोटवाला 'काही होत नाही' म्हणाला तरी जाऊ नका. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ पर्यटकांची एक बोट वादळात उलटून बुडाली आणि ४७ जणांचा जीव गेला. खराब हवेचा इशारा आधीच दिलेला होता. सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते, हे बुकिंग करतानाच विचारून ठेवा. पैसे बुडतील या भीतीने माणूस नको तेव्हा बोटीत चढतो.

जास्त बेटं म्हणजे जास्त मजा, असं समजणं

पाच बेटांची सहल चार बेटांपेक्षा भारी वाटते. पण हिशोब करून बघा: बोटीत चढणं, उतरणं, सगळे जमण्याची वाट बघणं हे सगळं वजा केलं की एकेका ठिकाणी अर्धा-पाऊण तास उरतो. स्नॉर्केलिंग नीट करायचं असेल तर दोनच ठिकाणी थांबणारी, पण पाण्यात तासभर देणारी सहल घ्या. प्रवेश शुल्क, फिन्सचं (पायात घालायच्या रबरी पंखांचं) भाडं आणि विमा भाड्यात धरलाय का, तेही विचारा.

बोटीच्या पुढच्या टोकाला बसणं

सगळे तिकडेच धावतात. वारा लागतो, फोटो छान येतात. पण स्पीडबोट लाटेवर चढते तेव्हा पुढचं टोक सर्वांत जास्त उचललं जातं आणि तिथेच ते सर्वांत जोरात आपटतं. ताशी ४०-५० किलोमीटरने जाणारी बोट लाटेवरून खाली आदळली की पाण्याचा मार काँक्रीटसारखा बसतो. सीटवर सैल बसलेला माणूस क्षणभर हवेत जातो, आणि तो खाली येत असतानाच सीट वर येत असते. अशा धक्क्याने मणका दबून फ्रॅक्चर झाल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. त्यात धडधाकट तरुणही आहेत.

म्हणून मागच्या निम्म्या भागात बसा. पुढेच बसावं लागलं तर पाय जमिनीवर घट्ट टेकवा, गुडघे वाकलेले ठेवा, हाताने दांडा धरा आणि मोठी लाट दिसली की सीटवरून किंचित उठून धक्का मांड्यांवर घ्या. फरशीवर पाय पसरून अजिबात बसू नका. गरोदर स्त्रिया आणि पाठीचं किंवा मानेचं दुखणं असलेले यांनी स्पीडबोट टाळावी. मोठी, संथ बोट मिळत असेल तर तीच घ्यावी. कप्तानाला वेग कमी करायला सांगण्यात संकोच कसला? मी सांगते, आणि बहुतेक वेळा तो ऐकतो.

बोट लागल्यावर गोळी घेणं

मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगाची नसते. डायमेनहायड्रिनेट किंवा मेक्लिझिनसारखं औषध निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावं लागतं. त्याने झोप येते, शिवाय काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. रिकाम्या पोटी निघू नका आणि भरपेट खाऊनही निघू नका.

पुष्कळांना धावत्या बोटीत काही होत नाही. बोट थांबते, इंजिन बंद होतं, ती डुलायला लागते आणि मग लागते. अशा वेळी फोनमध्ये डोकं घालू नका, क्षितिजाकडे बघत राहा. बरं पोहता येत असेल तर लवकर पाण्यात उतरा, बहुतेकांना तिथे बरं वाटतं. मागे बसल्यावर पेट्रोलच्या वासाने मळमळत असेल तर मधली जागा घ्या.

मास्क न तपासता उडी मारणं

पाण्यात रडवेली झालेली दहा माणसं घेतली तर त्यातल्या बहुतेकांचा मास्क चुकीचा असतो. त्यांना वाटतं आपल्याला पोहता येत नाही, आपणच घाबरट. दोष रबराचा असतो.

मास्क हातात आला की पट्टा मागे टाका, मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर दुसरा मागा, आणि हे बोट निघण्याआधी करा, कारण प्रवाळांवर पोहोचेपर्यंत चांगले मास्क संपलेले असतात.

*पाणी झिरपतंय?* आधी कपाळावरचे केस बघा. रबराखाली एक बट अडकली तरी पुरते. मग मिशी: नाकाखालची बारीक पट्टी साफ असेल तर फरक पडतो. तिसरं कारण पट्टा. पाणी आलं की माणूस पट्टा आवळतो, त्याने रबराची कड वाकडी होते आणि पाणी आणखी येतं. पट्टा थोडा सैल करा, तो कानांवर नाही तर डोक्याच्या मागे जरा उंचावर हवा. आणि पाण्यात हसू नका, गालाला सुरकुती पडली की तिथून पाणी शिरतं. सुंदर मासा दिसल्यावर हे फार अवघड जातं, मान्य आहे.

*काच धुरकट होतेय?* काच कोरडी असताना आतून थुंकी चोळा, समुद्राच्या पाण्यात एकदाच विसळा आणि लगेच घाला. किळस येत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब तेच काम करतो. घालण्याआधी चेहरा पाण्यात बुडवून गार करा, कारण गरम चेहरा आणि गार काच यांच्यामुळेच वाफ धरते. नाकाने श्वास सोडला तरी काच धुरकटते. आणि कपाळाला सनस्क्रीन थापून लगेच मास्क घालू नका: ते वितळून काचेवर येतं, डोळ्यांत झोंबतं.

*मास्कमध्ये पाणी भरलंच तर?* काढायची गरज नाही. चौकटीची वरची कड कपाळावर दाबा, मान थोडी वर करा आणि नाकाने सावकाश श्वास सोडा. पाणी खालून निघून जातं. कंबरभर पाण्यात उभं राहून हे तीन-चारदा करून बघा. मला एका वयस्क खलाशाने हे शिकवलं. मी दुसऱ्यांदा गुदमरून बोटीकडे आले तेव्हा त्याने माझा मास्क मुद्दाम पाण्याने भरला आणि 'आता पाणी बाहेर काढा' म्हणाला. पाचव्या वेळी जमलं. त्यानंतर मास्कमध्ये पाणी आलं म्हणून मी कधी घाबरले नाही.

*नळीत पाणी आलं तर?* 'थू' म्हटल्यासारखी एक जोरदार फुंकर मारा, मग पहिला श्वास हळूच घ्या, आत थोडं पाणी उरलेलं असू शकतं. मान फार खाली किंवा फार वर केली की नळी आडवी होते. नजर पुढे तिरकी ठेवली की ती सरळ उभी राहते. तोंडातला भाग दातांनी करकचून चावू नका, जबडा दुखतो. ओठ मिटलेले असले की झालं.

भराभर श्वास, आणि लाइफ जॅकेटची लाज

घाबरल्यावर श्वास उथळ आणि जलद होतो. नळीतून घेतलेल्या उथळ श्वासात मघाशी सोडलेलीच शिळी हवा परत आत येते, मग आणखी गुदमरतं. उपाय हाच: हलणं थांबवा, श्वास लांब सोडा, मग सावकाश घ्या. तरीही धाप कमी झाली नाही, किंवा एकाएकी अशक्तपणा वाटला, तर पाठीवर वळा, नळी तोंडातून काढा आणि हात हलवून मदत मागा. 'जरा वेळाने बरं वाटेल' म्हणत थांबू नका. अमेरिकेच्या हवाई बेटांवर स्नॉर्केलिंग करताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा पाणी नाकातोंडात न जाताही फुप्फुसांत द्रव साचून काही जण दगावल्याची शक्यता पुढे आली. नळीतून श्वास ओढताना लागणारा जोर हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं. हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला. तरंगायला ताकद खर्च होत नाही, म्हणून डोळे मोकळे राहतात. जॅकेट वर सरकून हनुवटीला लागत असेल तर बाजूचे पट्टे आवळा. खोल बुडी मारण्यासाठी आधी भराभर श्वास घेणं मात्र जिवावर बेतू शकतं: त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची ऊर्मी उशिरा येते आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो.

पाण्याला ओढ असेल तर आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा, परतताना दमलेले असाल तेव्हा तोच तुम्हाला आणेल. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून फिनचं टोक स्वतःकडे ओढा.

चालू इंजिनजवळ जाणं

शिडी बहुतेक वेळा मागे असते आणि इंजिनचा फिरता पंखाही मागेच. खलाशाने इंजिन बंद असल्याचं सांगेपर्यंत बोटीपासून दूर थांबा. धक्क्याला लागताना बोटीच्या काठावर बोटं ठेवू नका, ती चेंगरतात. मुलांना हे दोनदा सांगा.

प्रवाळांवर उभं राहणं

दमलं की पाय टेकवावेसे वाटतात. पण खाली दिसतो तो खडक जिवंत असतो. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे हाताएवढी गाठ घडायला तुमच्या मुलाचं अख्खं बालपण जातं, आणि एक लाथ ती मोडते. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते, त्यामुळे आपला अंदाजही चुकतो. प्रवाळाने खरचटलं तर जखम चिघळते, लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा.

प्रवाळांना जपण्यासाठी सनस्क्रीनच्या बाबतीतही नियम आहेत. पॅसिफिकमधल्या पलाऊ या देशाने १ जानेवारी २०२० पासून आणि हवाईने १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळांना घातक मानली जाणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर निर्बंध घातले. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून अशा सनस्क्रीनवर बंदी आहे. पण सर्वांत चांगलं सनस्क्रीन म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. तासभर पालथं तरंगल्यावर पाठ, मान आणि गुडघ्यांच्या मागची बाजू भाजते, आणि पाणी गार असल्याने ते रात्रीच कळतं.

जेलीफिशने चटका दिला तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. बॉक्स जेलीफिश ही अतिविषारी जात असलेल्या भागात व्हिनेगर ओततात, बोटीवर ते आहे का हे निघतानाच विचारा. उथळ वाळूत पाय घासत चाला, म्हणजे वाळूत लपलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच निसटतं. माशांना पाव घालू नका, कासवामागे पोहू नका, शिंपले उचलू नका.

बारीकसारीक

फोनच्या प्लॅस्टिक पाकिटात घरीच टिश्यू पेपर घालून अर्धा तास बादलीत बुडवून बघा. टिश्यू कोरडा निघाला तरच फोन घाला. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नका, चष्म्याच्या नंबरचा मास्क मिळतो. दुसऱ्या दिवशी विमान असेल तर काळजी नको: विमानाआधी काही तास थांबण्याचा नियम स्कूबाला (हवेची टाकी लावून खोल जाण्याला) आहे, पृष्ठभागावरच्या स्नॉर्केलिंगला नाही.

बेटावर उतरल्यावर बोटीचा फोटो काढा, नंबरासकट. किनाऱ्यावर एकसारख्या वीस बोटी उभ्या असतात. आणि निघताना मोजणी होते तेव्हा जागेवर थांबा. २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर डायव्हिंगला गेलेलं एक अमेरिकन जोडपं पाण्यातच राहिलं आणि बोट परतली. ते राहिल्याचं लक्षात यायला दोन दिवस गेले, दोघंही सापडले नाहीत. त्यानंतर तिथे मोजणीचे नियम कडक झाले. शेजारची सीट रिकामी दिसली तर गाइडच्या आकड्यावर विसंबू नका, इंजिन सुरू होण्याआधी मोठ्याने सांगा.