सोलापूरचं ऊन आणि लॅपटॉपची बॅटरी: या चुका टाळा

मागच्या एप्रिलमध्ये जुळे सोलापुरातली एक कॉलेजची मुलगी लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन आली. "काका, टचपॅड दाबलं तर क्लिकच होईना. नवीन बसवायला किती घ्याल?" लॅपटॉप टेबलावर ठेवला तर तो नीट टेकेना, मधल्या भागावर डुगडुगत होता. टचपॅडची एक कड नखभर वर आलेली. मागचे स्क्रू सैल केले तसं झाकण आपोआप उचललं गेलं. आत बॅटरीच्या तीन सेलपैकी दोन तव्यावरच्या भाकरीसारखे टम्म फुगलेले. टचपॅड अगदी ठणठणीत होतं, खालून बॅटरी त्याला ढकलत होती.

लॅपटॉप जेमतेम दोन वर्षांचा. चार्जिंगला किती वेळ असतो, असं विचारलं. "कायमच असतंय की ओ काका. लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून पिन काढतच नाही." अभ्यासाची खोली वरची, पत्र्याची. लॅपटॉप पलंगावर, चादरीवर.

बॅटरी वापरून झिजते हे सगळ्यांना माहीत असतं. पण माझ्याकडे येणाऱ्या बॅटऱ्या वापरापेक्षा उष्णतेनंच जास्त मेलेल्या असतात, आणि त्यातही पूर्ण भरलेल्या अवस्थेत तापलेल्या. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज 4.2 किंवा थोडं वरच जातं. त्या ताणाखाली आतला द्रव हळूहळू विघटित होत राहतो, लिथियम वाया जातं, वायू तयार होतो. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. पूर्ण भरलेली बॅटरी 40 अंशांत वर्षभर नुसती ठेवली तरी तिची सुमारे एक तृतीयांश क्षमता जाते. तीच 40 टक्के भरून 25 अंशांत ठेवली, तर घट चार-पाच टक्क्यांवर थांबते. आता आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच 42 अंश असतात. पत्र्याखाली, चालू लॅपटॉपच्या पोटात काय होत असेल बघा.

म्हणून पहिली चूक हीच: दिवसरात्र 100 टक्क्यांवर ठेवणं. बहुतेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते. लेनोव्होच्या व्हँटेज ॲपमध्ये 'कन्झर्व्हेशन मोड', आसुसच्या मायआसुस ॲपमध्ये बॅटरीचा विभाग, डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये. ती आजच चालू करा. लाईट जाण्याची भीती खोटी नाही, पण 80 टक्क्यांतही दीड-दोन तास काम निभतं. संध्याकाळी वळवाचं आभाळ भरून आलं, तर तेवढ्यापुरती मर्यादा काढून पूर्ण भरून घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत लावा.

चादरीचं सांगतो. सोलापुरी चादर उबदार आणि जाड, हाच तिचा गुण. लॅपटॉपखाली तोच घात करतो. हवा आत ओढायची जाळी बहुतेक लॅपटॉपना खालीच असते, ती चादरीत बुडाली की पंखा नुसताच घोंघावतो. पलंगावरच बसायचं असेल तर खाली पाट घ्या, जुनं ड्रॉइंग बोर्ड घ्या, काहीही सपाट आणि कडक चालेल.

शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये अजून एक गोष्ट दिसते. घराला लागूनच यंत्रमाग असतात, हवेत सुताची तूस उडत असते. ती पंख्यातून आत जाऊन तांब्याच्या नळीशेजारच्या जाळीवर साचते. चिमट्यानं धरून ओढली तर नमद्याच्या तुकड्यासारखी अख्खी पट्टीच निघते. अशा घरात दर सहा महिन्यांनी पंखा साफ करून घ्यायलाच हवा. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका, बंद गाडी आतून 60 अंशांच्या पुढे जाते. उन्हातून आणला तर आधी निवू द्या, मग चार्जिंग. कूलरसमोर मात्र थेट धरू नका, ओलावा आत जातो.

"महिन्यातून एकदा पूर्ण उतरवून मग भरायची" हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियमला त्याचा फायदा नाही, उलट शून्यापर्यंत नेण्यानं झीज वाढते. 20-25 टक्क्यांना पिन लावा. सुटीत लॅपटॉप बंद ठेवायचा असेल तर 50 टक्क्यांवर ठेवा. शून्यावर ठेवून गावाला गेलात, तर सेल इतका खाली उतरतो की संरक्षक सर्किट त्याला पुन्हा चार्जच होऊ देत नाही.

बिघाड ओळखताना आधी आकडे बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'powercfg /batteryreport' असं टाइप करून एंटर दाबलं की एक फाइल तयार होते. तीत 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. पहिला 42,000 आणि दुसरा 24,000 असेल तर बॅटरी 57 टक्क्यांवर आली, बदलायचा विचार करा. 60 किंवा 80 टक्क्यांवर चार्जिंग अडकलं तर घाबरू नका, आधी सांगितलेली चार्जिंगची मर्यादा चालू आहे का ते बघा. 30 टक्के दाखवत असताना एकदम बंद पडला, तर एखादा सेल थकलेला असतो किंवा मोजमाप चुकलेलं असतं. त्यासाठी मात्र एकदाच पूर्ण उतरवून, सलग पूर्ण भरून बघायला हरकत नाही. चार्जिंग होतच नसेल, तर अडॅप्टरवरचे वॅट तपासा. 65 वॅटच्या लॅपटॉपला 45 वॅटचा उसना चार्जर लावून "बॅटरी गेली" म्हणणारे दर महिन्याला भेटतात.

टचपॅड वर आलं, झाकणाची फट रुंदावली किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर त्याच क्षणी बंद करा आणि चार्जर काढा. फुगा दाबून बसवू नका, टाचणी तर चुकूनही नको. आत हवा नसते, पेट घेणारा वायू असतो. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत ती चेंगरली तर आग लागते. भारतात 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

नवी घेताना बॅटरीवरचा पार्ट नंबर जुन्याशी जुळवा आणि निर्मितीचा महिना विचारा. दोन उन्हाळे दुकानात काढलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नका. बसवल्यावर दुकानातच तो रिपोर्ट काढायला लावा, पैसे त्यानंतर द्या.