शब्द कुठल्या बंदरात चढला, हे कसं शोधावं

बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, शेवटची काही बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून. आमची जुनी माणसं त्याला सारंग म्हणायची. डेकवर दिवसभर कानावर पडायचं, ‘चॉप चॉप!’ (लवकर!), ‘चाव रेडी’ (जेवण तयार), ‘सॅव्ही?’ (समजलं?). हे सगळं इंग्रजीच, असं धरून आम्ही बोलायचो. पण हे शब्द इंग्रजीत आले ते पिजिनमधून. एकमेकांची भाषा न येणारी माणसं कामापुरती जी बोली जुळवतात ती पिजिन. तीच पुढे मुलांची मातृभाषा झाली की क्रिओल. असे शब्द कसे शोधायचे ते नातीला शिकवतो, तसंच इथे लिहितो.

एक वही घ्या. शब्द एकटा लिहू नका, अख्खं वाक्य लिहा आणि कोण कोणाला म्हणालं तेही. हुकूम, सौदा, जेवण, घाई अशा जागी हे शब्द जास्त सापडतात.

मग शब्दकोशातली व्युत्पत्ती शेवटपर्यंत वाचा. मालाच्या कागदावर जसं माल चढवल्याचं बंदर वेगळं आणि मधे जहाज बदललं ते बंदर वेगळं, तसंच इथे. ‘सॅव्ही’ पाहिला की लोक ‘साबे’ या पोर्तुगीज-स्पॅनिश शब्दापाशी थांबतात. अर्थ, जाणतो. पुढे वाचलंत तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली वेस्ट इंडीजकडची पिजिन दिसेल. जहाज तिथे बदललं. आपला ‘पगार’ही पोर्तुगीजच, पण तो आपल्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगिजांकडून आला. मूळ सारखं असलं तरी वाट निराळी, आणि आपल्याला वाट हवी आहे.

तिसरं काम सर्वांत महत्त्वाचं: साल आणि जागा जुळवा. त्या काळी ती माणसं खरंच एकत्र होती का? 1757 पासून 1842 पर्यंत चीनने युरोपीय व्यापाऱ्यांना कॅन्टन हे एकच बंदर मोकळं ठेवलं होतं. परक्यांना चिनी शिकवायलाही बंदी होती. मग व्यवहार पिजिनमध्येच होणार. ‘पिजिन’ हा शब्दसुद्धा ‘बिझनेस’चा तिथला उच्चार मानला जातो. इंग्रज अजूनही ‘नॉट माय पिजन’ म्हणतात. कबुतराशी काही संबंध नाही. ‘हे माझं काम नव्हे’ एवढाच अर्थ.

‘चॉपस्टिक’ त्याहून जुना. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीच्या 1699 च्या प्रवासवर्णनात तो आहे, आणि हे नाव इंग्रज खलाशांनी दिलेलं असल्याचं तो नोंदवतो. खलाशांनी! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. चिनीत त्या काड्यांना ‘क्वाइत्झ’ म्हणतात, आणि ‘क्वाइ’चा उच्चार चपळ या अर्थाच्या शब्दासारखाच. पिजिनमध्ये चपळ म्हणजे ‘चॉप’. हा खुलासा 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीच्या कोशात आहे. तो कोश इंटरनेटवर फुकट मिळतो. पहिल्या दिवशीच उतरवून घ्या.

जमलं तर जिवंत पिजिन ऐका. पापुआ न्यू गिनीतल्या लाए बंदरात टॅली क्लार्कने, म्हणजे माल मोजून लिहिणाऱ्या कारकुनाने, मला खिशातला फोटो दाखवला आणि म्हणाला, ‘पिकिनिनी बिलाँग मी.’ माझं लेकरू. पोर्तुगीज ‘पेकेनीनो’, इवलासा, यावरून आलेला हा शब्द. तिथे तो साधा, मायेचा. 2012 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी त्याच देशात स्वतःची ओळख ‘नंबावान पिकिनिनी बिलाँग मिसिस क्वीन’, म्हणजे राणीचं पहिलं लेकरू, अशी करून दिली होती. पण इंग्रजीत हाच शब्द काळ्या मुलांना हिणवण्यासाठी वापरला गेला, तिथे तो तोंडात घेऊ नये. म्हणून वहीत अर्थाबरोबर शब्दाचा मान-अपमानही लिहा.

नुसता आवाज जुळला म्हणून निकाल देऊ नका. ‘लाँग टाइम नो सी’ (खूप दिवसांत भेट नाही) हा वाक्प्रचार चिनी पिजिनमधून आला असं काही सांगतात, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मोडक्या इंग्रजीची नक्कल म्हणून काही. दोन्ही बाजू लिहून ठेवा.

आणि ‘मोडकं इंग्रजी’ हा शेरा कुठेही दिसला की सावध व्हा. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरची गला ही क्रिओल. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांची ही बोली मोडकी म्हणूनच झिडकारली जायची. लोरेन्झो डाउ टर्नर या भाषाशास्त्रज्ञांनी गावोगाव बसून ती ऐकली, ध्वनिमुद्रित केली आणि 1949 मध्ये तिच्यातल्या हजारो आफ्रिकी शब्दांचा व नावांचा पुस्तकात पुरावा मांडला.

नोंद अशी करा. ही नातीच्या वहीतली:

‘ज्यूकबॉक्स. हॉटेलात नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र. पहिला भाग गलामधला, अर्थ धांगडधिंग्याचा, बेताल. त्यावरून नाचगाण्याचे गुत्ते ते ज्यूक जॉइंट, आणि तिथली पेटी ती ज्यूकबॉक्स. त्याआधी पश्चिम आफ्रिका. आजोबांना विचारायचं: त्यांनी कुठे पाहिला?’