विंडोज 11 वर व्हीएलसी: मंडईच्या सीडीपासून मोबाइलच्या चित्रीकरणापर्यंत

विंडोज 11 ही प्रणाली 5 ऑक्टोबर 2021 रोजी प्रसिद्ध झाली; मात्र विदर्भाच्या खेड्यांतील अनेक घरांत, शाळांत आणि शूटिंगवाल्यांच्या दुकानांत तिची खरी गाठ पडते आहे ती विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यावर. नवा लॅपटॉप घरी आला की तक्रारीही ठरलेल्याच असतात. लग्नाची डीव्हीडी लागत नाही, मोबाइलवर काढलेला व्हिडिओ उघडला तर पैसे मागणारी खिडकी समोर येते, आणि नाटकाच्या जुन्या सीडीतील फाइल कशाने उघडावी हेच कळत नाही.

यात लॅपटॉपचा बिघाड नसतो. डीव्हीडी-चित्रपट चालवण्याची सोय विंडोज 11 सोबत येतच नाही. शिवाय बरेच मोबाइल चित्रीकरण एचईव्हीसी म्हणजेच एच.265 या पद्धतीने साठवतात आणि ती पद्धत वाचणारा जोडघटक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये विकत घ्यावा लागतो. व्हीएलसी हा मोफत प्लेअर मात्र आपली शिदोरी आपणच बांधून येतो, म्हणजे ध्वनी आणि चित्र उलगडणारे कोडेक त्याच्या आतच असतात. म्हणून ‘कोडेक पॅक’ नावाने फिरणारी कोणतीही गोष्ट नव्या लॅपटॉपमध्ये टाकू नये. व्हीएलसीला तिची गरज नसते आणि अशा पॅकांबरोबर नको ते सॉफ्टवेअरही आत शिरू शकते.

अस्सल फाइल मिळवणे

व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या संस्थेचे संकेतस्थळ 2022 मध्ये भारतात काही महिने बंद होते आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा सुरू झाले. त्यामुळे आता व्हीएलसी बसवण्याची फाइल व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या मूळ पत्त्यावरूनच घ्यावी. पेनड्राइव्हमध्ये विंडोज 7 च्या काळापासून पडून असलेली प्रत तूर्त चालेलही, पण सुरक्षेच्या दृष्टीने ती कालबाह्य झालेली असते. डाउनलोडच्या बटणाशेजारील बाणावर क्लिक करून 64 बिटची प्रत निवडावी, कारण विंडोज 11 फक्त 64 बिट स्वरूपातच मिळते. फाइल पन्नास एमबीच्या आतबाहेर असते आणि एकदा उतरवली की बसवताना इंटरनेट लागत नाही. परवाना मुक्त असल्याने तीच प्रत पेनड्राइव्हवर घेऊन शेजाऱ्याला किंवा शाळेला देण्यात काहीही गैर नाही.

दुसऱ्याकडून आलेली प्रत असेल तर ती उघडण्याआधी फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यातील ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग पाहावा. तिथे व्हिडिओलॅनचे नाव दिसले पाहिजे. हा भागच दिसत नसेल तर ती फाइल पुसून टाकावी. लॅपटॉपने ‘फक्त स्टोअरमधील अॅप चालतील’ असे बजावले तर तो एस मोडमध्ये आहे असे समजावे. सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ आणि ‘अॅक्टिव्हेशन’ येथून एस मोड विनामूल्य बंद करता येतो, मात्र एकदा बंद केल्यावर त्यात परत जाता येत नाही.

बसवल्यावर लगेच करायची कामे

व्हीएलसी प्रथम उघडताना तो इंटरनेटवरून गाण्यांची आणि चित्रपटांची माहिती आणू का, असे विचारतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर ती खूण काढून टाकावी. अद्ययावत प्रत तपासण्याची खूण मात्र राहू द्यावी. डेटा खरा खातो तो प्लेअर नव्हे, विंडोज अपडेट. त्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘वाय-फाय’ असे जाऊन आपल्या हॉटस्पॉटच्या तपशिलात ‘मीटर्ड कनेक्शन’ (मोजून डेटा वापरणारी जोडणी) सुरू करावे, आणि तालुक्याच्या गावी चांगले वाय-फाय मिळेल तेव्हा अपडेट आठवणीने उतरवून घ्यावेत, कारण ग्राफिक्सचे ड्रायव्हरही, म्हणजे पडद्यावरचे चित्र सांभाळणारी सॉफ्टवेअरही, त्यांच्यासोबतच येतात.

दुहेरी क्लिक केल्यावर फाइल व्हीएलसीतच उघडावी यासाठी सेटिंग्जमधील ‘अॅप्स’ आणि ‘डीफॉल्ट अॅप्स’ येथे जाऊन व्हीएलसी निवडावा आणि एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय, व्हीओबी असे एकेक प्रकार त्याच्या नावे करावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे असते. राइट क्लिकच्या नव्या मेनूत व्हीएलसीचे नाव दिसले नाही तर ‘शो मोअर ऑप्शन्स’ येथे क्लिक करावे.

चित्र काळे, हिरवे किंवा अडखळते दिसल्यास

आवाज येतो पण पडदा काळा राहतो, किंवा चित्रावर हिरवे पट्टे येतात, ही तक्रार बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरशी जोडलेली असते. ‘टूल्स’मधील ‘प्रेफरन्सेस’ उघडून ‘इनपुट / कोडेक्स’ या भागात ‘हार्डवेअर अॅक्सिलरेटेड डिकोडिंग’ (चित्र उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारी सोय) हे ‘डिसेबल’ करावे, ‘सेव्ह’ दाबावे आणि व्हीएलसी बंद करून पुन्हा सुरू करावा. चित्र दिसू लागले तर दोष ड्रायव्हरचाच होता. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो अद्ययावत करून ही सोय पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर आणावी. ती कायम बंद ठेवणे परवडत नाही. एच.265 चे चित्र उलगडण्याचा सगळा भार मग प्रोसेसरवर पडतो, लॅपटॉप तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्याच्या उन्हात, त्यातही वीज गेलेली असताना, हा फरक चांगलाच जाणवतो. पेनड्राइव्हवरून थेट चालवलेला व्हिडिओ अडखळत असेल तर तो आधी लॅपटॉपमध्ये कॉपी करून घ्यावा.

सीडी, डीव्हीडी आणि रात्रभराचे नाटक

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या पट्ट्यात, दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते आणि नाटके रात्रभर रंगतात. त्यांची जुनी चित्रीकरणे, तसेच खंजिरी भजनांचे कार्यक्रम, आजही घरोघरी व्हीसीडीवर (व्हिडिओ सीडीवर) पडून आहेत. नव्या लॅपटॉपांत बहुधा डिस्क ड्राइव्ह नसतो, म्हणून यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडावा. व्हीएलसीत ‘मीडिया’मधील ‘ओपन डिस्क’ निवडून डिस्कचा प्रकार नीट सांगावा. डीव्हीडी मेनूवरच अडकत असेल तर ‘नो डिस्क मेनूज’ या चौकटीत खूण करावी.

व्हीसीडी एक्सप्लोररमध्ये उघडल्यास ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात ‘डीएटी’ या शेपटाची मोठी फाइल असते. तीच खरी चित्रफीत. ती कॉपी करून व्हीएलसीत ओढून टाकली की बहुधा थेट चालू होते. डिस्कवर ओरखडे असले तर विंडोजची कॉपी मध्येच थांबते. अशा वेळी डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये, आणि पुन्हा प्रयत्न करावा. आपल्याकडील व्हीसीडीचे चित्र अवघे 352 बाय 288 बिंदूंचे असते, त्यामुळे मोठ्या पडद्यावर ते धूसर दिसणारच. कोणत्याही सेटिंगने त्यात नवा तपशील येत नाही.

डीव्हीडीवरील जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात मात्र एक दोष हमखास सुधारता येतो. नाचणाऱ्याचा हात वेगाने फिरला की त्याच्या कडेला करवतीच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा दिसतात. ‘व्हिडिओ’ मेनूत ‘डीइंटरलेस’ सुरू करून ‘डीइंटरलेस मोड’मध्ये ‘याडिफ’ निवडावे, रेघा नाहीशा होतात. काही व्हीसीडींवर डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसराच आवाज भरलेला असतो. तेव्हा ‘ऑडिओ’ मेनूतील ‘स्टिरिओ मोड’मध्ये ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’ निवडावे. आवाज ओठांच्या मागेपुढे होत असेल तर जे आणि के या कळांनी तो जुळवता येतो.

प्रोजेक्टर आणि मराठी उपशीर्षके

ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा शाळेत एचडीएमआय वायर जोडली की पुष्कळदा आवाज प्रोजेक्टरकडे जातो आणि प्रोजेक्टरला दमदार स्पीकर नसतो. ‘ऑडिओ’ मेनूतील ‘ऑडिओ डिव्हाइस’मध्ये लॅपटॉपचे स्पीकर निवडावेत आणि मोठा स्पीकर लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रात जोडावा. चित्र दोन्हीकडे हवे असल्यास विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे. हे सगळे कार्यक्रमाआधी तपासावे, पाहुणे खुर्च्यांवर बसल्यावर नव्हे.

मराठी उपशीर्षकांच्या (सबटायटल्सच्या) जागी चौकोन दिसत असतील तर ‘प्रेफरन्सेस’मधील उपशीर्षकांच्या भागात ‘यूटीएफ-8’ ठेवून फॉण्ट ‘निर्मला यूआय’ करावा. तो विंडोज 11 मध्ये आधीच असतो. मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टंकलेला असेल तर मात्र तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

जुनी चित्रफीत मोबाइलवर पाठवायची असल्यास ‘मीडिया’मधील ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ येथे फाइल जोडून ‘एच.264 आणि एमपीथ्री, एमपीफोर’ हा प्रकार निवडावा आणि नव्या फाइलला वेगळे नाव द्यावे. पट्टी सरकत असताना चित्र दिसत नाही. ते काम बिघडल्याचे लक्षण नव्हे. रात्रभराच्या नाटकाला बराच वेळ लागतो, म्हणून चार्जर जोडून आणि लॅपटॉप आपोआप झोपी जाणार नाही असे ‘पॉवर’चे सेटिंग करूनच सुरुवात करावी. वीज जाऊन काम मध्येच तुटले तर अर्धवट फाइल पुसून पहिल्यापासून करावे, आणि मूळ डीएटी फाइल दुसऱ्या एखाद्या हार्ड डिस्कवरही ठेवावी.