रिप्लॅन करताना 'एंटायर प्रोजेक्ट'वर टिक करू नका

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कंपन्यांत आणि आता सिंहस्थाच्या कामांवर प्लॅनिंगला नवीन लागलेली मुलं भेटतात. सीपीआय (खर्चाच्या तुलनेत झालेलं काम) आणि एसपीआय (ठरल्या वेळापत्रकाच्या तुलनेत झालेलं काम) यांची सूत्रं त्यांना तोंडपाठ असतात, ती इथे पुन्हा सांगत नाही. गाडी अडते ती पुढे. काम मागे पडतं, साहेब म्हणतात, "संध्याकाळपर्यंत रिप्लॅन करून दे," आणि हात थेट 'सेट बेसलाइन'कडे जातो. बेसलाइन म्हणजे तुलनेसाठी गोठवून ठेवलेला मंजूर तारखा-खर्चाचा प्लॅन. तो हात आधी आवरा.

यात नेमकं काय होतं ते आकड्यांत बघा. कामाचं मंजूर बजेट, म्हणजे बीएसी, 100 लाख. मार्चअखेर पीव्ही (तोवर व्हायला हव्या असलेल्या कामाचं बजेट) 50, ईव्ही (खरोखर झालेल्या कामाचं बजेट) 40 आणि प्रत्यक्ष खर्च 52. सीपीआय 0.77, एसपीआय 0.80. याच वेगाने खर्च होत राहिला तर काम 130 लाखांवर जाईल, असं हे आकडे सांगतात. आता मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये 'एंटायर प्रोजेक्ट' निवडून पूर्ण प्रोजेक्टची बेसलाइन जुन्या बेसलाइनवरच पुन्हा सेव्ह केली, तर सॉफ्टवेअर आजच्या तारखा आणि आजचा खर्च उचलून बेसलाइनमध्ये टाकतं. झालेल्या कामाचा 'आजचा खर्च' म्हणजे लागलेले 52 लाख. त्या कामाचं बजेट 40 चं 52 झालं. ईव्ही 52, खर्च 52, सीपीआय 1.00. उरलेल्या कामाचे 60 धरून बीएसी 112. कोणीही मंजूर न केलेले 12 लाख बजेटमध्ये जाऊन बसले, आणि कुठे सही नाही की पत्र नाही. स्क्रीनवर सगळं हिरवं.

रामकुंडावर पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं यावरून आपण पूर मोजतो. दर पुराला मारुतीच उचलून वरच्या पायरीवर ठेवला, तर नाशिकला कधी पूर आलाच नाही असं म्हणता येईल.

मी हे शिकलो ते आयत्या हातात आलेल्या फाइलवर. सीपीआय 1.00, एसपीआय 1.00, आणि इकडे बिलिंगवाला रोज डोकं धरून बसलेला. क्लायंटच्या मीटिंगमध्ये मागच्या तिमाहीचा रिपोर्ट निघाला आणि प्रश्न आला, "तेव्हाचा तोटा गेला कुठे?" उत्तर मी द्यायचं होतं. फाइल करणारा तोवर नोकरी बदलून पुण्याला गेला होता. आजही कुठे नेमका 1.00 दिसला की पोटात गोळा येतो.

मग रिप्लॅन करायचंच नाही का? करायचं, बिनधास्त करायचं. पावसाळ्यात पाया भरायचं काम थांबलं, तर जुन्या तारखा धरून बसण्यात शहाणपण नाही. फक्त झालेल्या कामाला हात लावायचा नाही. वरच्या उदाहरणात 40 चे 40 आणि 52 चे 52 राहतील, 12 लाखांचा तोटा दिसतच राहील. उरलेले 60 लाख तेवढे नव्या तारखांवर पसरायचे. बीएसी 100 च. अर्धवट असलेलं वर्क पॅकेज (स्वतंत्र बजेट असलेला कामाचा छोटा तुकडा) जेवढं झालं तेवढ्यावर बंद करा आणि त्याचं उरलेलं बजेट नव्या पॅकेजमध्ये न्या. काही क्लायंट पीव्ही ईव्हीच्या बरोबरीला आणून एसपीआय नव्याने सुरू करायला परवानगी देतात. ती लेखी घ्या, आणि खर्चाचा फरक तसाच ठेवा.

क्लायंटने काम वाढवून दिलं तर बीएसी वाढणारच, तो हक्काचा पैसा आहे. पण उरलेल्या 60 मध्ये काम बसतच नसेल, तर मॅनेजमेंट रिझर्व्हमधून (अनपेक्षित कामासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून) मागचं भोक बुजवू नका. रिझर्व्ह त्यासाठी नसतो. तिथे क्लायंटशी बोलून मंजुरीने बजेटच्या वरची बेसलाइन करावी लागते, आणि तो निर्णय तुमच्या पातळीवरचा नाही. साहेबांनाच पुढे करा.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एकूण 11 बेसलाइन मिळतात, मूळची एक आणि 1 ते 10. मूळ बेसलाइन आधी दुसऱ्या नंबरवर कॉपी करा, मग उरलेले टास्क निवडून 'सिलेक्टेड टास्क्स'नेच बेसलाइन लावा. स्टेटस डेट, म्हणजे प्रगती कुठल्या तारखेपर्यंतची मोजायची ती, भरायला विसरू नका. प्रिमाव्हेरा या दुसऱ्या प्लॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये खड्डा वेगळा आहे. प्रोजेक्ट बेसलाइन असाइनच केलेली नसेल, तर तिथे 'करंट प्रोजेक्ट' असतं. म्हणजे प्रोजेक्टची तुलना स्वतःशीच, आणि सुरू न झालेल्या कामांच्या तारखा कितीही सरकल्या तरी फरक शून्य. कोणाचीही फाइल हातात आली की पहिली बेसलाइन असाइन करायची खिडकी उघडायची.

क्लासबद्दल विचाराल तर माझं मत कडू आहे. कॉलेज रोडला काय किंवा ऑनलाइन काय, बटणं सगळेच शिकवतात, पण बटण कधी दाबायचं नाही ते शिकवणारा मला तरी भेटला नाही. तयार एक्सेल टेम्प्लेट देणाऱ्या 'गुरूं'पासून तर चार हात लांबच राहा. माझा खरा गुरू साइटवरचा बिलिंग इंजिनिअर. त्याला ईव्हीएम (ही ईव्ही-पीव्हीची पद्धत) हा शब्दही माहीत नव्हता, पण कुठल्या कामाचं किती बिल निघालं हे तो झोपेतही सांगायचा.

घाबरू मात्र नका. पहिले काही महिने सगळ्यांचाच गोंधळ उडतो, आणि जुनी बेसलाइन कॉपी केलेली असेल तर सुधारता न येण्यासारखं फारसं काही नसतं. सरावासाठी पाच-सहा टास्कची फाइल करा. खर्च भरून बेसलाइन लावा, दोन टास्क बजेटपेक्षा जास्त खर्चात पूर्ण दाखवा आणि सीपीआय लिहून ठेवा. मग फाइलची एक कॉपी काढून त्यात मुद्दाम 'एंटायर प्रोजेक्ट'ने बेसलाइन पुन्हा लावा आणि दोन्ही फाइलींचे बीएसी शेजारी ठेवून बघा.