मान्यतेचा अर्ज भरण्याआधी: वेल्डिंगच्या वर्गाची तयारी

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीकडे गाळा मिळाला की प्रशिक्षणाचे वर्ग काढायला लोक आधी मशिनं घेतात, दारावर बोर्ड लावतात आणि मग विचारतात, "ताई, आपल्याकडे सरकारमान्य परीक्षा कशी घ्यायची?" दांडिया बाजारातल्या शेजाऱ्यांपासून वाघोडियातल्या कारखानदारांपर्यंत बऱ्याच जणांनी हे विचारलंय. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. उदाहरण वेल्डिंगचं घेतलंय, कारण आम्ही तेच शिकवतो.

पहिली तयारी डोक्यातली. कोण काय देतं हे पक्कं करून घ्या. सगळ्यांत वर राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण आणि प्रशिक्षण परिषद, म्हणजे एनसीव्हीईटी. ५ डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने ती स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०२० पासून प्रत्यक्ष कामाला लागली. ती प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना आणि परीक्षा घेणाऱ्या एजन्सींना मान्यता देते. तुमचं केंद्र मात्र तिच्या दारात जात नाही. ते जातं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे, उदाहरणार्थ आपल्या उद्योगक्षेत्राच्या स्किल कौन्सिलकडे (कौशल्य परिषदेकडे). संलग्नता तिथून मिळते. शिकवायचं तुम्ही, परीक्षा घ्यायला असेसर, म्हणजे परीक्षक, बाहेरचा येणार, प्रमाणपत्र कौन्सिल देणार. दोन्ही कामांची मान्यता असलेल्या ड्युअल संस्थाही आहेत, पण १०-१२ बूथच्या, म्हणजे वेल्डिंगच्या कप्प्यांच्या, केंद्राने सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये. आपल्याच पोरांना आपणच गुण देऊन मोकळं व्हायचं, हे इथे चालत नाही आणि चालू नये, असं मला मनापासून वाटतं. आमचा मुलगा मंजुसरच्या कारखान्यात कागद घेऊन उभा राहतो तेव्हा तिथला फोरमन आम्हाला ओळखत नसतो. त्याचा विश्वास बसायचा तो त्या कागदावरच.

आता यादीतलं सगळ्यांत मोठं काम, आणि हेच लोक सगळ्यांत शेवटी करतात: मानक वाचणं. राष्ट्रीय क्वालिफिकेशन रजिस्टर या ऑनलाइन यादीत आपल्या कामाचा क्वालिफिकेशन पॅक, म्हणजे ते मानक, शोधा आणि आधी त्याची मुदत बघा. पॅकला शेवटची तारीख असते. ती दोन महिन्यांवर आली असेल तर नव्या आवृत्तीची चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग पॅक छापून घ्या. त्यात कामाचे भाग पाडलेले असतात, प्रत्येक भागाखाली उमेदवाराला काय करता आलं पाहिजे याच्या ओळी असतात आणि त्या ओळींना लेखी-प्रात्यक्षिकाचे गुण वाटून दिलेले असतात. आम्ही प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहिल्या: कोणत्या दिवशी शिकवणार, कोण शिकवणार, कशावर शिकवणार. जिथे जागा कोरी राहिली ती आमची खरी कामाची यादी. आग विझवण्याच्या ओळीपुढे कोरं होतं. भिंतीवर दोन सिलिंडर टांगलेले होते, पण एकाही मुलाने कधी पिन ओढून बघितली नव्हती.

साधनांची यादी मॉडेल करिक्युलममध्ये, म्हणजे पॅकसोबतच्या नमुना अभ्यासक्रमात, मिळते, तुकडीतल्या मुलांच्या संख्येप्रमाणे. नग मोजा, पण चालतात की नाही तेही बघा. बूथच्या मध्ये पडदे हवेत, नाहीतर शेजारच्याच्या आर्कच्या झगमगाटाने डोळ्यांना इजा होते. धूर ओढणारा पंखा हवा, अर्थिंग तपासलेलं हवं, वीजजोडणीचा लोड सगळी मशिनं एकदम चालली तरी पुरला पाहिजे. ७०१८ नंबरचे वेल्डिंग रॉड वापरणार असाल तर ते कोरडे ठेवायला ओव्हन घ्याच. बडोद्याच्या पावसाळ्यात उघडा पुडा ओल धरतो, मग वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात आणि मुलाला वाटतं आपला हातच वाईट. फिलेट गेज, म्हणजे कोपऱ्यातल्या वेल्डचं माप घ्यायच्या पट्ट्या, दोन-चार जास्तच ठेवा, कारण स्वतःचं वेल्ड स्वतः मोजायची सवय मुलांना पहिल्या आठवड्यातच लागली पाहिजे.

प्रशिक्षकाकडे त्याच कामाचं टीओटी, म्हणजे प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र हवं, मुदतीतलं. आमचा पहिला अर्ज इथेच परत आला. आमच्या वेल्डर काकांचा हात असा की त्यांनी मारलेली वेल्डची रेघ बघायला लोक थांबतात. पण आधारवर नाव आडनावापासून सुरू होणारं आणि प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव गाळलेलं. पलीकडून एका ओळीचा शेरा आला, फोन कोणी उचलला नाही, आणि महिनाभर काका स्वतःलाच दोष देत बसले. सगळ्यांची कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून नावं अक्षर अक्षर जुळवून बघा.

तासांचा हिशेब सोपा आहे. ३० तासांना एक क्रेडिट धरतात. एम्प्लॉयेबिलिटी स्किल्सचे, म्हणजे नोकरीला लागणाऱ्या सर्वसाधारण कौशल्यांचे, तास वेळापत्रकात वेगळे दाखवा, ते वेल्डिंगच्या तासांत मिसळू नका.

भाषेचं मात्र अर्जाआधीच लेखी विचारून घ्या. आमच्या वर्गात बहुतेक मुलं गुजराती, काही हिंदी बोलणारी, दोन-तीन आपली मराठी. पेपर कोणत्या भाषेत येणार, तोंडी प्रश्न असेसर कोणत्या भाषेत विचारणार, हे ठरलेलं हवं. १८९० मध्ये याच शहरात सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता की तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून द्यावं. सफाईदार वेल्ड मारणारा मुलगा 'पोरॉसिटी (वेल्डमधली ती बारीक भोकं) म्हणजे काय' या प्रश्नावर गप्प बसतो तेव्हा मला तो आग्रह आठवतो.

नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा. हजेरी तर हवीच, पण प्रत्येक मुलाचं काम कसं सुधारत गेलं तेही दिसलं पाहिजे. आम्ही प्रत्येकाच्या सरावाच्या प्लेटवर पंचने त्याचा नंबर आणि तारीख मारतो आणि पहिली, मधली, शेवटची अशा तीन प्लेटा रॅकवर ठेवतो. पहिलीवर शेणाच्या गोवऱ्या थापल्यासारखे गोळे असतात, तिसरीवर सारख्या अंतराच्या लाटा. पाहणीला आलेल्या साहेबांनी फाइल बाजूला ठेवून त्या प्लेटाच उचलून बघितल्या होत्या.

बाकी कागद नेहमीचे: भाडेकरार, अग्निसुरक्षेचं ना-हरकत, पॅन, बँकेचा तपशील, वीजबिल. अर्ज स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो. तिथलं लॉगिन केंद्राच्या ईमेलवर काढा. ऑपरेटर मुलगा नोकरी सोडून गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

आणि पाहणीच्या आधी एक अख्खा दिवस लुटुपुटूची परीक्षा घ्या. परीक्षक म्हणून दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपमधला, मुलांना न ओळखणारा माणूस बोलवा. त्याच्या हातात पॅकमधली गुणांची यादी द्या आणि तुम्ही शटरच्या बाहेर बसा. आमच्याकडे एक निवृत्त फिटर आले होते. संध्याकाळी त्यांनी यादी परत दिली, तर सातव्या बूथपुढे गोल केलेला: "अर्थ क्लॅम्प ढिला. पोराने सांगितलं, पण कुणाला सांगायचं ते त्याला माहीत नव्हतं." दुसऱ्या दिवशी क्लॅम्प बदलला आणि बिघाड लिहायची वही दाराजवळ दोरीने बांधून ठेवली, पेनसकट.