लॉनमध्ये पाणी तुंबतंय? आधी खड्डा खणून बघा

कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत जून ते सप्टेंबर लॉनचं डबकं होतं. चिखलात काम काढू नका, माती दाबली जाते. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिकटेनाशी झाल्यावर, शक्यतो वळवाच्या आधी, फूटभर खोल खड्डा खणून पाण्यानं भरा. ते जिरलं की पुन्हा भरा आणि तासाभरानं मोजा. पातळी इंचभरही उतरली नाही, तर दोष मातीत आहे. बऱ्याचदा तळाशी बांधकामाचा राडारोडा निघतो. तो काढल्याशिवाय बाकी सगळं वाया.

मग उतार बघा. दोन खुंट्यांना दोरी बांधून लेव्हल ट्यूबनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) तपासा: घरापासून बाहेर 10 फुटांना किमान दीड-दोन इंच उतार हवा.

तेवढ्यानं भागलं नाही तर चर काढा, फूटभर रुंद, दीड फूट खोल. तळाला 10 फुटांना सव्वा इंच उतार द्या. जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) अंथरा, त्यावर दोन इंच धुतलेली 20 मिमी खडी, मग भोकं पाडलेला 4 इंची पीव्हीसी पाइप. भोकं खालच्या बाजूला. वर खडी भरून कापड दुमडा आणि चार इंच माती टाका. कापड वाचवलंत तर काळी माती खडीत शिरून चर बुजतो. पाइपचं तोंड पावसाळी गटारात सोडा, शेजाऱ्याच्या कुंपणाकडे नको.

काळ्या मातीत थोडी वाळू मिसळू नका, ती विटेसारखी आवळते. कुजलेलं शेणखतच घाला.