जुन्या क्रेडिट कार्डाच्या वसुलीचा फोन आला तर

मुंबईत नोकरीला असताना घेतलेलं कार्ड. मग नोकरी गेली, खोली सोडली, सिमकार्ड बदललं आणि गावाला परतल्यावर ते बिल तसंच राहिलं. पाच-सहा वर्षांनी गुहागरच्या नाहीतर देवगडच्या घरी फोन वाजतो : "आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर उद्या पोलीस घेऊन येतो." पहिल्या दोन मिनिटांत आपण काय बोलतो, यावर पुढचं बरंच ठरतं. म्हणून आधी फोनचं बघू.

कर्ज आहे असं म्हणू नका, नाही असंही म्हणू नका. भरायची तारीख तर मुळीच देऊ नका. वही घ्या आणि समोरच्याचं पूर्ण नाव, एजन्सीचं नाव, कोणत्या बँकेसाठी फोन आहे, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि कार्यालयाचा नंबर विचारून लिहा. आपली जन्मतारीख, पॅन, ओटीपी, सध्याचा पत्ता यातलं काहीही द्यायचं नाही. शेवटी एकच वाक्य : "साहेब, जे आहे ते बँकेच्या ईमेलवरून किंवा पत्राने लेखी पाठवा, ते वाचून मी बँकेलाच कळवतो." एवढं बोलून फोन ठेवायचा. वाद घालायचा नाही, आपली अडचणही सांगायची नाही. वडिलांचं आजारपण, बागेचं नुकसान हे सगळं पुढच्या फोनवर आपल्याविरुद्धच वापरलं जातं. तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा, कॉल रेकॉर्ड होत असेल तर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या धमक्यांचे स्क्रीनशॉट काढा.

रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास, हे सगळं मना आहे. प्रकरण कोणत्या एजन्सीकडे दिलं हे बँकेने ग्राहकाला कळवायचं असतं. घरी येणाऱ्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र हवं. दोन्हींचा फोटो काढा. नाही म्हणाला तर बोलणं तिथेच संपलं. ओटीवरून आत येण्याचा त्याला हक्क नाही, स्कूटर किंवा टीव्ही उचलण्याचा तर नाहीच. कार्डाच्या कर्जाला सहसा काहीही तारण नसतं, त्यामुळे कोर्टाच्या हुकमाशिवाय जप्ती होत नाही. अटकेची धमकीही पोकळ. पैसे थकणं ही दिवाणी बाब आहे. खोटी कागदपत्रं देऊन कार्ड काढलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

वाडीत खरी अडचण दुसरीच असते. एजंट आधी नाक्यावरच्या दुकानात चौकशी करतो, "अमक्याचं घर कुठलं, बँकेचे पैसे बुडवलेत त्याने," आणि तो घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असते. तक्रारीत हे वेगळं लिहा : कोणत्या दुकानात, किती वाजता, कोणासमोर. घरच्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा की कुठल्याही कागदावर सही करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, "तुमचा कागद ठेवून जा" एवढंच म्हणायचं. मुलाच्या कार्डाचं देणं आई-वडिलांवर येत नाही. कार्डधारक वारला असेल तरी वारसांची जबाबदारी त्यांना त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच.

कोर्टाचा बेलिफ आला किंवा पोस्टाने समन्स आलं, तर मात्र घ्यायचंच. नाकारलं तरी बजावणी झाली असं धरता येतं. वकिलाची नोटीस वेगळी, समन्स वेगळं. समन्सवर कोर्टाचं नाव, दाव्याचा क्रमांक आणि हजर राहायची तारीख असते. बरेचदा ते मुंबईतल्या जुन्या खोलीवर जातं आणि गावी कोणाला पत्ताच नसतो. मग एकतर्फी निकाल होतो, आणि त्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते. असा निकाल झाल्याचं कळलं, तर तो रद्द करून घ्यायच्या अर्जाला ३० दिवसांचीच मुदत आहे. त्याच आठवड्यात वकील गाठा. लवादाची (कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्याची) नोटीसही कचऱ्यात टाकू नका. बँकेने लवाद परस्पर नेमला असेल तर त्याला लेखी हरकत घ्या. निवाडा झालाच, तर तो हातात पडल्यापासून साधारण ३ महिन्यांत कोर्टात आव्हान द्यावं लागतं.

आता तारखांचा हिशोब. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात किंवा जातात. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा वसुलीच्या दाव्याला ३ वर्षं असतात, आणि ती साधारणपणे हप्ता चुकल्यापासून किंवा शेवटच्या भरण्यापासून मोजतात. यात कोविडचा काळ धरत नाहीत. सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ वगळला आहे. समजा शेवटचा भरणा १० ऑक्टोबर २०१८ चा. एरवी मुदत ऑक्टोबर २०२१ मध्ये संपली असती. १५ मार्च २०२० ला त्यातले सुमारे १ वर्ष ७ महिने उरले होते. ते १ मार्च २०२२ पासून पुढे मोजले की मुदत सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस येते. हे ज्यांना माहीत नसतं ते "तीन वर्षं झाली, सुटलो" म्हणून निवांत बसतात आणि समन्स आलं की घाबरतात.

मुदत संपायच्या आत कर्ज मान्य केल्याचा सहीचा कागद दिला, किंवा थोडे पैसे भरून त्याची लेखी नोंद राहिली, की घड्याळ पुन्हा शून्यावर. "नुसते पाचशे टाका, केस थांबवतो" यामागचं गणित हेच. मुदत संपल्यानंतरही, भरतो म्हणून सही करून लिहून दिलं, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ खाली तो नवा करार होतो. ईमेल-व्हॉट्सअ‍ॅपवरचं "हो साहेब, भरतो" बँक पुढे लेखी पुरावा म्हणून दाखवू शकते. कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बँकांची थकलेली कर्जं विकत घेणारी कंपनी) विकलं तरी मुदत नव्याने सुरू होत नाही. उलट विक्रीची लेखी सूचना मागा, नाहीतर पैसे नक्की कोणाला द्यायचे हेच कळत नाही.

एक गैरसमज काढून टाका. मुदत संपली म्हणजे कर्ज पुसलं गेलं असं नाही. कोर्टातून वसूल करायचा रस्ता बंद होतो. बँक सभ्यपणे मागू शकते आणि सिबिलवरची (आपल्या कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीकडची) नोंद तशीच राहते. "राइट ऑफ" म्हणजेही माफी नव्हे, ती बँकेच्या हिशोबाची नोंद आहे.

तडजोड करायचीच, तर आधी आकडा फोडून मागा : मूळ खर्च किती, व्याज किती, दंड किती, जीएसटी किती. महिना साडेतीन टक्क्यांनी ४०,००० चे २० महिन्यांत जवळजवळ ८०,००० होतात आणि ४० महिन्यांत १ लाख ५८ हजार. म्हणून बोलणी सुरू करायची ती मूळ रकमेवरून, एजंटने सांगितलेल्या एकूण आकड्यावरून "पन्नास टक्के सूट" धरून नव्हे. न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत मनाई आहे, तेही तपासा.

आपल्याकडचा पैसा हंगामी असतो, हे बोलणी करताना विसरू नका. आंब्याचा पैसा मे महिन्यात हातात येतो. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा पर्यटनाचा धंदा थंड. सहा समान मासिक हप्ते कबूल केले आणि जुलैचा चुकला, तर बहुतेक तडजोडपत्रांच्या अटींनुसार सूट रद्द होते. मग भरलेले पैसे जुन्या डोंगरात जमा आणि मुदतही नव्याने सुरू. जमत असेल तर मे अखेरीस एकरकमी भरायची तडजोड घ्या, नाहीतर हप्त्यांच्या तारखा आपल्या हंगामाप्रमाणे लिहून घ्या.

बँकेचं तडजोडपत्र हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नका. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, ठरलेली रक्कम, तारखा, भरायचं खातं आणि "पूर्ण व अंतिम" हे शब्द हवेत. पत्र खरं आहे का, हे बँकेच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून तपासा, एजंटने दिलेल्या नंबरवर नव्हे. पैसे थेट कार्ड खात्यात किंवा पत्रातल्या बँक खात्यात भरा. एजंटच्या यूपीआयवर नाही, रोखही नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पुढच्या तारखेचे चेक देऊ नका. कार्डाची थकबाकी दिवाणी असते, पण चेक परतला आणि नोटिशीनंतर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत की फौजदारी खटला होऊ शकतो.

लोकअदालतीची नोटीस आली तर जाऊन बसायला हरकत नाही, सूट चांगली मिळू शकते. पण तिथल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं वजन असतं आणि त्यावर अपील नाही. मुदत संपलेल्या कर्जासाठी तिथे सही करण्याआधी वकिलाला विचारा. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१००.

त्रासाची तक्रार आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, ईमेलने. "वसुली एजंटचे वर्तन" असा विषय घाला, खाली तारीखवार फोन-भेटींची यादी, सोबत स्क्रीनशॉट. कर्ज मान्य होईल असं एकही वाक्य त्यात नको. "माझ्याकडे मागितली जाणारी कथित रक्कम" असं लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी लागत नाही, माहितीसाठी १४४४८. मारण्याची किंवा बदनामीची धमकी असेल तर या वाटेची वाट बघू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या.

पैसे भरल्यावर बेबाकी दाखला (आता काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र) मागा आणि महिना-दीड महिन्याने सिबिलचा अहवाल काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तडजोडीचं खातं "सेटल्ड" दिसतं, "क्लोज्ड" नव्हे, आणि पुढे गृहकर्जाला ते आडवं येतं. घर बांधायचा बेत असेल तर पूर्ण भरून "क्लोज्ड" करून घेणं कधीकधी स्वस्त पडतं. नोंद चुकीची असेल तर दुरुस्तीला ३० दिवस आहेत, पुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

तडजोडपत्र, भरण्याच्या पावत्या आणि दाखला कायम ठेवा. तेच खातं काही वर्षांनी दुसऱ्या एजन्सीच्या यादीत पुन्हा येऊ शकतं. मशीनच्या पावतीवरची शाई उडते आणि ट्रंकेतल्या कागदाला आपल्याकडच्या पावसात बुरशी धरते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून टाका.